पडताळणीची सीट नव्यानं मिळाली असेल तर

आस्थापना शाखेत रुजू झालात की पहिल्या काही महिन्यांत चारित्र्य पडताळणीची ही सीट, म्हणजे हे टेबल, तुमच्याकडे येते. जुन्या माणसांना ती नको असते. काम दिसायला कारकुनी आहे: निवड झालेल्या उमेदवाराचा फॉर्म तपासा, थान्याला (पोलीस ठाण्याला) पाठवा, अहवाल आला की वर ठेवा. पण ज्या दिवशी अहवालात एखादा गुन्हा क्रमांक येतो, त्या दिवशी टिपणी तुम्हालाच लिहावी लागते, आणि साहेब बहुतेक वेळा त्या टिपणीखाली सही करतात. निर्णय कागदावर त्यांचा, घडवलेला तुमचा.

इंदुरात हे काम जरा जास्तच गुंतागुंतीचं आहे, कारण एकाच शहरात नाना तऱ्हेच्या नोकऱ्या आहेत. अणुऊर्जा विभागाचं राजा रामण्णा केंद्र इथं, सीमा सुरक्षा दलाचं शस्त्र प्रशिक्षण इथं, पलीकडे महूला लष्कराच्या संस्था, विमानतळ, राज्य लोकसेवा आयोगाचं मुख्यालय, आणि शेकडो साधी कार्यालयं. राजेंद्रनगरातली किंवा लोकमान्यनगरातली एकाच गल्लीतली दोन मुलं दोन वेगळ्या ठिकाणी निवडली जातात, आणि कुणाचं व्हेरिफिकेशन अडकलं, कुणाचं सुटलं याची चर्चा घरोघरी होते.

असं समजा की अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला गेलेल्या पोरांची मारामारी झाली. (उदाहरण माझं, बनवलेलं.) एफआयआर एक, आरोपी दोघे, कलमं तीच आपल्याकडची नेहमीची, जुन्या दंड संहितेतली: २९४ (शिवीगाळ), ३२३ (साधी मारहाण), ५०६ (धमकी), ३४ (समान हेतू). पुढं लोक अदालतीत तडजोड झाली. दोघांची निवड तुमच्याच कार्यालयात, एकाच पदावर, पण दोन वेगळ्या वर्षी झाली. पहिल्याला नेमलं, दुसऱ्याला नाकारलं, कारण मधल्या काळात अधिकारी बदलले. दुसरा मुलगा उच्च न्यायालयात गेला, तर तुमच्या कार्यालयापाशी उत्तर काय? या सीटवर शिकायचं ते हेच: माणूस बदलला तरी निकाल बदलू नये अशी व्यवस्था कागदावर उभी करणं.

खुद्द सर्वोच्च न्यायालयातही हा गोंधळ झालेला आहे. दिल्ली पोलिसांच्याच दोन प्रकरणांत २०११ मध्ये न्यायालयानं तरुणपणीच्या चुकीकडे उदारपणे बघायला सांगितलं, तर २०१३ मध्ये तडजोडीनं सुटलेल्या उमेदवाराला नाकारण्याचा छाननी समितीचा अधिकार मान्य केला. असे परस्परविरोधी निकाल साठले, म्हणून विषय तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला आणि २१ जुलै २०१६ रोजी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल आला. त्याच्या शेवटी सारांशरूपानं अकरा मुद्दे आहेत. ते छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. पुढच्या पायऱ्यांत ते ठिकठिकाणी येतील.

पायरी १ : आधी पद, मग माणूस

फाइल उघडली की आपली नजर थेट पोलीस अहवालावर जाते. तसं करू नका. आधी एका कोऱ्या कागदावर लिहा, की या पदावरच्या माणसाच्या हातात नेमकं काय येणार आहे. शस्त्र? रोकड? गुप्त कागद? किल्ल्या? लहान मुलं किंवा आजारी माणसं? की फक्त आवक-जावक रजिस्टर?

यातून तीन थर सहज पडतात. पहिला, साधी कार्यालयीन पदं. दुसरा, वर्दीची आणि शस्त्राची पदं, तसंच ज्यांना थेट पैसा किंवा असहाय माणसं हाताळायची असतात ती. तिसरा, संवेदनशील माहितीची पदं. सरकारी कागदांच्या ‘प्रतिबंधित’, ‘गोपनीय’, ‘गुप्त’ आणि ‘परम गोपनीय’ अशा चार पातळ्या असतात. त्यातल्या वरच्या दोन पातळ्यांचे कागद रोज हाताळणारा माणूस तिसऱ्या थरात. अणुऊर्जा किंवा संरक्षण संशोधनाच्या ठिकाणी साध्या फॉर्मवर भागत नाही, जास्त तपशीलवार प्रश्नावली भरून घेतात. तिथल्या फाइली तुमच्याकडे आल्या तर त्यांचे स्वतंत्र नियम आधी मागवा.

वर्दीच्या पदांना कडक माप लावणं न्यायालयानं वारंवार मान्य केलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका प्रकरणात विसंगत निकालांची दखल घेऊन तत्त्वं पुन्हा एकदा मांडली, तेव्हाही हा भेद ठेवला. त्यामुळे झांकीवाल्या दोघांपैकी एक कारकून झाला आणि दुसरा पोलीस शिपाई भरतीत नाकारला गेला, तर ती विसंगती नाही. विसंगती तेव्हा, जेव्हा पद एकच आणि उत्तरं दोन.

पायरी २ : तुमचा फॉर्म नीट विचारतो का?

अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे उमेदवारानं स्वतःच्या पूर्ववृत्ताबद्दल भरायचा फॉर्म, सगळ्यांनी बघितलेला असतो, वाचलेला फार थोड्यांनी. केंद्राच्या फॉर्ममध्ये कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं का, जातमुचलक्यावर बांधून घेतलं का, न्यायालयानं दंड केला का, शिक्षा झाली का, परीक्षेतून बाद केलं का, आणि आत्ता काही प्रकरण प्रलंबित आहे का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. वर ठळक इशारा असतो की खोटी माहिती किंवा लपवणूक म्हणजे अपात्रता. शिवाय फॉर्म दिल्यानंतर काही घडलं तर तेही तातडीनं कळवायचं असतं. ही दुसरी अट मुलं हमखास विसरतात.

काही कार्यालयांनी मात्र स्वतःचा सुटसुटीत फॉर्म बनवलेला असतो आणि त्यात एकच ओळ असते, ‘आपल्याविरुद्ध काही गुन्हा आहे काय?’ आहे म्हणजे आत्ता, की कधीही? निर्दोष सुटलेला माणूस इथं प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहील. २०१६ च्या निकालाचा दहावा मुद्दा यावरच आहे: प्रश्न स्पष्ट हवा, मोघम नको, आणि जे विशेषत्वानं विचारलं तेवढंच सांगणं उमेदवारावर बंधनकारक. फॉर्म मोघम असेल तर लपवणुकीचा आरोप टिकणं कठीण. तेव्हा सीट घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात तुमचा फॉर्म केंद्राच्या फॉर्मशेजारी ठेवून वाचा आणि फरक असेल तर वर टिपणी पाठवा.

एक नेहमीची शंका: ट्रॅफिक चालान सांगायचं का? चौकात किंवा ऑनलाइन भरलेलं ई-चालान म्हणजे न्यायालयानं केलेला दंड नव्हे. पण दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि तिथं दंड भरला, तर तो न्यायालयाचाच दंड. उमेदवारांना ही गोष्ट फॉर्म देतानाच सांगा, सूचनापत्रकात छापा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

पायरी ३ : पत्र सगळीकडे जाऊ द्या

गेल्या पाच वर्षांत उमेदवार जिथं जिथं वर्षभराहून जास्त राहिला, त्या प्रत्येक जिल्ह्याला पडताळणीचं पत्र जायला हवं. आपली मुलं शिकायला पुण्याला जातात, पहिली नोकरी हैदराबादला किंवा वडोदऱ्याला करतात, आणि फॉर्मवर पत्ता मात्र सुदामानगरचा. नुसत्या इंदूरच्या अहवालावर फाइल बंद केलीत तर ती अर्धीच तपासलेली असते. शिक्षण आणि नोकरीच्या तारखा पत्त्यांच्या तारखांशी ताडून पाहा. मध्ये वर्षभराचं भोक असेल तर विचारा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं, भंवरकुआँला खोली घेऊन परीक्षेची तयारी चालू होती वगैरे.

इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण भागाला वेगळे पोलीस अधीक्षक. पत्ता कोणत्या थान्याच्या हद्दीत येतो ते बघूनच पत्र काढा, नाहीतर कागद दोन कार्यालयांमध्ये फिरत राहतो.

नाव जुळवण्याबाबत जरा कडकपणे सांगतो. पोलिसांच्या संगणकात आपली आडनावं कशीही नोंदली जातात: कुलकर्णी, कुळकर्णी, देशपांडे, देशपाण्डे. शिवाय एकाच नावाची चार माणसं निघतात. वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कोणत्याही गुन्ह्याची नोंद उमेदवाराच्या नावावर चढवू नका.

अहवाल यायला वेळ लागतो म्हणून मुलांची रुजू होण्याची तारीख टांगून ठेवणं आता गरजेचं नाही. उमेदवाराकडून अटेस्टेशन फॉर्म आणि स्वयंघोषणा घेऊन तात्पुरतं नियुक्तिपत्र देण्याची आणि पडताळणी मागाहून करण्याची सोय केंद्राच्या कार्मिक विभागानं केलेली आहे. मात्र नियुक्तिपत्रात ‘पडताळणीच्या अधीन’ ही ओळ हवीच.

पायरी ४ : अहवालातून काय घ्यायचं

पोलीस अहवालात दोन प्रकारची वाक्यं असतात. एक, ‘अपराध क्रमांक अमुक, कलम तमुक, न्यायालयात प्रलंबित’. दुसरं, ‘चालचलन समाधानकारक नाही’. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यावर एक अक्षर लिहू नका. अहवाल परत पाठवा आणि चार गोष्टी मागा: गुन्हा क्रमांक आणि तारीख, कलमं, सध्याची अवस्था, आणि असेल तर आदेशाची प्रत. चार गोष्टी आल्या नाहीत तर ते मत आहे, माहिती नाही.

अवस्थेबद्दल: एफआयआर झाली, पण तपासात काही निघालं नाही म्हणून पोलिसांनी खात्मा किंवा खारिजी (प्रकरण बंद करण्याचा अहवाल) लावली आणि न्यायालयानं ती स्वीकारली, तर खटला उभाच राहिलेला नाही. प्रतिबंधात्मक कारवाई, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १०७, ११६, १५१ आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १२६, १३५, १७०, ही शिक्षा नसते. सणासुदीला मोहल्ल्यातली दहा-बारा नावं त्यात ओढली जातात हे इथं कुणाला सांगायला नको. २०२० च्या लॉकडाऊनमधलं कलम १८८ (सरकारी आदेशाचा भंग) पण असंच. दूध आणायला निघालेल्या पोरावर लागलेलं कलम आणि दंगलीत लागलेलं कलम एका रांगेत बसवू नका.

काही गोष्टी अहवालात आल्या तरी निर्णयात येता कामा नयेत. भाऊ किंवा बाप काय करतो, माणूस कोणत्या वस्तीत राहतो, जात, धर्म, विद्यार्थिदशेत कोणत्या मोर्चात होता. शेवटच्या मुद्द्यावर तर आपल्याच प्रदेशातलं प्रकरण आहे. मध्य प्रदेशात एका शाळेचं सरकारीकरण झालं, त्यात सामावलेल्या शिक्षकाला पूर्वीच्या राजकीय संबंधांबद्दलच्या पोलीस अहवालावरून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये राज्य सरकारला बजावलं, आणि सरकारी नोकरी म्हणजे काय फक्त देवदूतांनीच पाऊल ठेवावं असा स्वर्ग आहे का, अशा अर्थाचा प्रश्न केला. हा निकाल जुना असला तरी वाचाच. इतकं मोकळं लिहिलेलं न्यायालयीन गद्य क्वचित मिळतं.

घटना घडली तेव्हा उमेदवार अठराच्या आत असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ बघा. बालकाला त्या ठपक्यामुळे पुढं अपात्र ठरवता येत नाही. अपवाद सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला असेल त्याचा. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराला याच तत्त्वावर २०१९ मध्ये दिलासा मिळाला. म्हणून अहवालात गुन्ह्याची तारीख दिसली की जन्मतारखेशी वजाबाकी करा, मगच पुढं जा.

पायरी ५ : निकालपत्र स्वतः वाचा

‘निर्दोष मुक्त’ एवढं वाचून थांबलात तर काम अर्धवट राहतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आदेश मिळतात. नाही मिळाले तर उमेदवाराकडून प्रमाणित प्रत मागा. शेवटची दोन-तीन पानं वाचली की सुटका कशी झाली ते कळतं: सगळे साक्षीपुरावे तपासून न्यायालयाला आरोपात काहीच दम दिसला नाही, की साक्षीदार फितूर झाले, की तडजोड झाली, की संशयाचा फायदा मिळाला. ‘सन्मानपूर्वक सुटका’ अशी व्याख्या कायद्यात कुठंही दिलेली नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मान्य केलं. मात्र पुरावा पूर्ण तपासल्यावर फिर्यादी पक्ष आरोप सिद्ध करण्यात सपशेल अपयशी ठरला, तर तिला तसं म्हणता येईल असंही सांगितलं. तेव्हा निकालपत्रात तो शब्द शोधत बसू नका. कारणं शोधा.

मध्य प्रदेश पोलीस भरतीची दोन प्रकरणं या बाबतीत डोळे उघडतात. २०१८ च्या निकालात उमेदवारानं प्रकरण प्रामाणिकपणे सांगितलं होतं, पुढं तडजोडही झाली होती. तरी नकार कायम राहिला. २०२३ मध्येही असंच झालं: माहिती दिलेली, पण बालिकेच्या छळाचा आरोप आणि साक्षीदार फिरल्यामुळे झालेली सुटका. न्यायालयानं नकार योग्य ठरवला. खरं सांगितलं म्हणजे नोकरी पक्की असं नाही. पण वर्दीच्या पदांना लावलेलं हे माप टंकलेखकाच्या पदाला जसंच्या तसं उचलून लावणंही चूक, आणि हा उलटा प्रमादही होतो, कारण ताज्या निकालाचा संदर्भ दिला की टिपणी वजनदार दिसते.

शिक्षा झाली, पण १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलं असेल, तर त्याच कायद्याचं कलम १२ पाहा. त्या शिक्षेला चिकटलेली अपात्रता तिथं दूर होते. वर्तनाचा विचार करायला मात्र नियोक्ता मोकळा राहतो.

पायरी ६ : लपवलं का, हा वेगळा प्रश्न

टिपणीत दोन परिच्छेद वेगळे ठेवा. एक, काय घडलं. दुसरा, काय लपवलं. ही दोन्ही एका वाक्यात कालवली की किरकोळ मारामारीचा माणूस गुन्हेगार दिसू लागतो.

लपवणुकीसाठी तीन गोष्टी तपासायच्या. प्रश्न स्पष्ट होता का? फॉर्म भरला त्या तारखेला प्रकरण अस्तित्वात होतं का? आणि उमेदवाराला ते माहीत होतं याला आधार काय? तिसरी गोष्ट सगळे विसरतात. २०१६ च्या निकालाचा शेवटचा मुद्दा सांगतो की माहिती होती हे दाखवता आल्याशिवाय लपवणुकीचा ठपका नको. एफआयआरमध्ये नाव आहे, पण ना अटक, ना नोटीस, ना समन्स. मग त्याला कळणार कसं? उलट जामीन घेतलाय, तारखांना हजर राहिलाय, तर ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. एकाहून जास्त प्रलंबित प्रकरणं जाणूनबुजून दडवली असतील, तर ती लपवणूकच वजनदार ठरते.

पण लपवलं म्हणून आपोआप नकार, असंही नाही. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाच्या प्रकरणात २०२२ मध्ये आणि उत्तर प्रदेश पोलिसांच्या प्रकरणात २०२४ मध्ये न्यायालयानं हेच सांगितलं: परिस्थिती बघा, यांत्रिकपणे शिक्का मारू नका.

पायरी ७ : माप लिहून ठेवा

आता मुख्य काम. आधी तुमच्या खात्याचा नियम शोधा, कारण निर्णयाच्या दिवशी लागू असलेले आदेशच चालतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी गृह मंत्रालयाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या सेवा शर्ती नियमांत महिलांविरुद्धच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला उमेदवार अपात्र ठरतो, आणि असं प्रकरण प्रलंबित असेल तर नियुक्ती निकालापर्यंत थांबते. जिथं नियम बोलतो तिथं तुमचं माप बोलत नाही.

नियम गप्प असेल तिथं चौकट आखा. उभ्या बाजूला पदाचे तीन थर. आडव्या बाजूला घटनेचे तीन गट:

– किरकोळ: शिवीगाळ, साधी धक्काबुक्की, घोषणाबाजी, आदेशभंग
– मधली: गंभीर दुखापत, घरगुती वादातून आलेली प्रकरणं, जुगार पुन्हा पुन्हा
– जड: नैतिक अधःपतनाची, म्हणजे चोरी, फसवणूक, लाच, बनावट कागद, लैंगिक गुन्हे, अपहरण, जिवावर उठणं, अमली पदार्थांचा व्यापार

नऊ घरं होतात. प्रत्येक घरात एकच शब्द लिहायचा: ‘नेमावं’, ‘समितीपुढे’ किंवा ‘नकार’. हा मूळ कल. कल कशानं हलतो, ते खाली लिहायचं: तेव्हाचं वय, मधे गेलेली वर्षं, एकदाच की पुन्हा, सुटका कशी झाली, स्वतःहून सांगितलं की दडवलं, आणि गुन्ह्याचा पदाशी संबंध आहे का. खोट्या पावत्यांचं प्रकरण रोखपालाच्या बाबतीत जड, माळ्याच्या बाबतीत कमी जड. कोणतीही एक बाब कल एका घरानंच हलवेल, दोन घरं हलवायची तर समितीच लागेल, असा माझा आग्रह असतो. नाहीतर चौकट असूनही मर्जी चालते.

अमेरिकेत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. तिथं गुप्त माहितीची परवानगी देताना सगळ्या खात्यांना तेरा निकष सारखे लागू आहेत. सध्याचा मजकूर ८ जून २०१७ पासून अमलात आहे. निष्ठा, परकीय प्रभाव, आर्थिक स्थिती, दारू, अमली पदार्थ, गुन्हेगारी वर्तन, संगणकाचा गैरवापर असे ते निकष. प्रत्येक निकषाखाली दोन याद्या असतात: कशामुळे शंका येते, आणि कशामुळे ती हलकी होते. आपल्या फायलींत पहिली यादी असते, दुसरी नसते. तेरा निकष उचलून आणायची गरज नाही, आपली नोकरभरती वेगळी, कायदे वेगळे. पण दुसरी यादी लिहायची सवय मात्र जरूर उचला. कर्जाचा मुद्दा तिथं मोठा आहे. आपल्याकडे फॉर्ममध्ये तो विचारत नाहीत, म्हणून परस्पर विचारात घेऊ नका.

चौकट तयार झाली की तिच्यावर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि तारीख घ्या. तारीख महत्त्वाची, कारण एखाद्या उमेदवाराची फाइल समोर आल्यावर चौकट बदलली असा आरोप यायला नको.

आता आपल्या झांकीवाल्या दोघांना तिच्यात बसवून बघा. नव्या न्याय संहितेत त्याच कलमांचे आकडे २९६, ११५(२), ३५१ आणि ३(५) झालेत, त्यामुळे नंतरच्या काळातल्या अशाच मारामारीची फाइल यांच्या फायलींहून वरवर वेगळी दिसेल. आकड्यांवर जाऊ नका, कृत्य बघा. किरकोळ गट, कारकुनाचं पद, वय वीसच्या आसपास, एकदाच घडलेलं, दोघांनी फॉर्मवर सांगितलेलं. ‘नेमावं’. पहिल्या वर्षी पण, नंतर पण. एकानं दडवलं असतं आणि जामिनाच्या कागदावर त्याची सही असती, तर कल एक घर हलून प्रकरण समितीपुढे गेलं असतं. दोघांचं उत्तर वेगळं आलं असतं, पण वेगळेपणाचं कारण दाखवता आलं असतं.

पायरी ८ : समिती, नोटीस, आदेश

समितीत तिघं पुरेत, त्यातला एक शाखेबाहेरचा. बैठकीआधी प्रत्येकानं चौकट बघून आपलं उत्तर स्वतंत्र चिठ्ठीवर लिहावं आणि मग चर्चा करावी. वरिष्ठांनी आधी तोंड उघडलं की बाकीचे मान डोलावतात. त्याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

नकाराकडे कल असेल तर आधी कारणे दाखवा नोटीस द्या. तीत गुन्हा क्रमांक, फॉर्ममधला प्रश्न आणि उमेदवाराचं उत्तर शब्दशः द्या. ‘आपण माहिती लपवली आहे’ असं निकाल लागल्यासारखं लिहू नका. ‘लपवली असल्याचं प्रथमदर्शनी दिसतं’ असं लिहा. उत्तराला रास्त मुदत द्या. सेवेत कायम झालेल्या माणसाबाबत एवढ्यानं भागत नाही, विभागीय चौकशी लागतेच.

आदेशात पाच गोष्टी येऊ द्या: पद आणि त्याचा थर, सिद्ध असलेली तथ्यं, उमेदवाराचं म्हणणं, लागू नियम किंवा चौकटीतलं घर, आणि कल का हलवला किंवा का नाही हलवला. ‘सर्व बाबींचा विचार करून’ हे वाक्य लिहायचा मोह होईल. त्याऐवजी त्या बाबीच लिहा.

कागद बंद लिफाफ्यात फिरू द्या. अहवालाचा फोटो काढून कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणारे महाभाग सगळीकडे असतात. त्यांना पहिल्याच दिवशी लेखी समज द्या.

पायरी ९ : पूर्वनिर्णयांची नोंदवही

चौकटीइतकीच ही वही कामाची, आणि ती जवळजवळ कुणीच ठेवत नाही. एका निर्णयाला एक ओळ. नाव लिहायचं नाही, फक्त फाइल क्रमांक. मग पदाचा थर, घटनेचा गट, वय, मधली वर्षं, सुटकेचा प्रकार, लपवणूक होय किंवा नाही, निर्णय, आणि दहा शब्दांत कारण. नवी फाइल आली की टिपणी लिहिण्याआधी वहीतल्या सर्वांत जवळच्या तीन ओळी शोधा आणि त्यांचा उल्लेख टिपणीत करा. वेगळा निर्णय सुचवत असाल तर फरक कोणता, हे त्याच जागी लिहा.

वर्षातून एकदा वही समितीपुढे ठेवा. एकाच घरात कधी ‘नेमावं’, कधी ‘नकार’ असं दिसलं, तर त्या फायली पुन्हा काढून कारणं जुळतात का पाहा. जुळत नसतील तर चौकटीतला शब्द बदला किंवा स्पष्ट करा, पुन्हा मंजुरी घ्या, नवी तारीख टाका. न्यायालयानं तुमचा एखादा आदेश रद्द केला असेल तर तोही वहीत लाल शाईनं चढवा, निकालाच्या तारखेसह. बदली झाली तर प्रभार यादीत चौकट आणि नोंदवही या दोन स्वतंत्र नोंदी म्हणून लिहा आणि नव्या माणसाची पोच घ्या. यादीत नसलेली वही पुढच्या साफसफाईत रद्दीत जाते.